वारीला निघणाऱ्या आईसाठी पॉवर बँक कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 62 वर्षांची, यंदा पहिल्यांदाच आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघणार आहे. फोन वर्षभरापूर्वीचा, 5000 एमएएच बॅटरीचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). दुकानदार म्हणतो 20000 ची घ्या, ऑनलाइन 50000 ची सहाशे रुपयांत दिसतेय, आणि भावाचं म्हणणं की सोलरवाली घ्यावी म्हणजे वाटेत आपोआप भरेल.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. ओळखीच्या कंपनीची 10000 एमएएचची एकच बँक घ्या, पण ती स्वतः निदान 18 वॉटने भरणारी हवी. तिच्यासोबत 20 वॉटचा टाइप-सी अडॅप्टर घ्या. 20000 ची तुमच्या आईला गरज नाही. 50000 ची आणि सोलरची तर बघूसुद्धा नका.

सासवडला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, 16 वर्षं झाली. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्या गावात मुक्कामाला येते, तेव्हा रात्रभर दुकानाबाहेर टेबल टाकून, एक्स्टेन्शन बोर्ड लावून आम्ही वारकऱ्यांचे फोन चार्ज करून देतो. फोनला रबराने नंबराची चिठ्ठी बांधायची, तोच नंबर माउलींच्या हातात द्यायचा. सुरुवातीच्या वर्षांत सगळे फोनच यायचे. आता टेबलावर निम्म्याहून जास्त पॉवर बँका असतात. दुकानात गिऱ्हाईक डब्यावरचा आकडा बघून बँक घेतं, पण ती वारीत कशी वागते ते मला त्या टेबलावर कळतं.

नेहमी दिसतं ते असं. जेवणं, कीर्तन आटोपून रात्री अकराला कुणीतरी 20000 ची बँक आणून लावतो. पहाटे साडेतीनला, निघायची सूचना देणारा कर्णा वाजायच्या आत, घ्यायला येतो. चारपैकी दोनच दिवे लागलेले असतात. माउली विचारतात, बिघडली का? बिघडलेली नसते. ती भरतेच 10 वॉटने.

हा हिशेब एकदा समजून घ्या, मग कुठलीही बँक पारखता येईल. डब्यावरचा एमएएचचा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेल साधारण 3.7 व्होल्टचे असतात. 20000 गुणिले 3.7, भागिले 1000, म्हणजे 74 वॉट-तास. ही झाली साठवलेली ऊर्जा. 10 वॉटने भरायला कागदावर साडेसात तास आणि भरताना वाया जातं ते धरलं तर नऊ. वारीत सलग नऊ तास प्लग मिळत नाही. शाळेची खोली मिळाली, कुणाच्या ओसरीवर सोय झाली, नाहीतर दिंडीच्या जनरेटरवर नंबर लागला, तर तीन-चार तास मिळतात, आणि त्या बोर्डावर वीस जणांचं लक्ष असतं. 10000 ची बँक 37 वॉट-तासांची. ती 18 वॉटने घेत असेल तर तीन-साडेतीन तासांत भरते. म्हणजे रात्रीच्या त्या तुकड्यात ती पूर्ण होते, आणि मोठी बँक अर्धवट राहते. अर्धी भरलेली 20000 आणि पूर्ण भरलेली 10000 यांत फरक फक्त वजनाचा उरतो, आणि ते वजन आई वाहणार.

वजनाचं म्हणाल तर 10000 ची बँक दोनशे ग्रॅमच्या आसपास आणि 20000 ची साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, पण फोन आणि बँक अंगावरच राहतात. दिवसाला वीसेक किलोमीटर चालताना खांद्यावरच्या पिशवीत ते दोनशे ग्रॅम जास्तीचे जाणवतात. पहिल्यांदा चालणाऱ्याला तर नक्कीच.

आता 10000 मध्ये तिचं भागेल का? 5000 चा फोन 10000 च्या बँकेवर दोनदा चार्ज होतो असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. बँकेतले 3.7 व्होल्ट 5 किंवा 9 व्होल्ट करून बाहेर द्यावे लागतात, त्यात काही भाग उष्णता होऊन जातो. फोनही बॅटरी भरताना थोडं गमावतो. 37 वॉट-तासांतले साधारण 27 फोनच्या बॅटरीत पोहोचतात असं धरा. 5000 च्या फोनला शून्यापासून भरायला साधारण एकोणीस वॉट-तास लागतात. म्हणजे जवळपास एक आणि चार दशांश वेळा. किंवा असं म्हणा, फोन 20 टक्क्यांवर आला की 90 पर्यंत, असं दोनदा. फोन, थोडे फोटो, संध्याकाळी घरी एक व्हिडिओ कॉल एवढाच आईचा वापर असेल तर हे दोन दिवस पुरतं. आणि तुम्हाला रोज रात्री भरायची संधी धरायची नाहीये, एका आड एक रात्र धरायची आहे.

याच कारणाने बँकेच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत अजून एक आकडा असतो, रेटेड कपॅसिटी किंवा आउटपुट कपॅसिटी, 5 व्होल्टला अमुक एमएएच. 10000 च्या बँकेवर तो साडेपाच ते साडेसहा हजारांच्या दरम्यान असेल तर कंपनी खरं सांगते आहे. खरेदी करताना हाच आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल तर बँक परत ठेवून द्या.

आता ती 50000 ची. यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण गरीब माणूस इथेच फसतो. मागे एका पालखीला एक माउली 40000 लिहिलेली बँक घेऊन आले. म्हणाले, दीड तासात भरते हो, पण फोनला अर्धाच पुरवते. नव्याच बँकेचं असं का व्हावं म्हणून त्यांच्यासमोरच उघडली. स्क्रू नव्हता, कडा चिकटवलेल्या होत्या. आत निळ्या वेष्टनातले आठ सेल शेजारी शेजारी बसवलेले. वरवर बघणाऱ्याला शंका येणार नाही. पण निकेलची पट्टी दोनच सेलना जोडलेली होती. उरलेल्यांना मल्टिमीटर लावला, काटा हलेना. एकाचं वेष्टन ब्लेडने कापलं तर टेबलावर बारीक वाळू सांडली. सहाही सेलमध्ये वाळू. ते माउली काही बोलले नाहीत, त्यांनी ती वाळू बोटाने एका जागी गोळा केली. मजुरीच्या पैशातून घेतलेली वस्तू होती.

ही फसवणूक न उघडता ओळखता येते. घरी कधीच उघडू नका, सेलला टोक लागलं तर आग लागते. बहुतेक स्वस्त बँकांत 18650 मापाचे गोल सेल असतात, 18 मिलिमीटर जाडीचे आणि 65 मिलिमीटर उंचीचे. असा एक सेल चांगल्यात चांगला 3500 एमएएच देतो आणि त्याचं वजन 45 ग्रॅमच्या वरच असतं. 50000 साठी असे 15 सेल लागतील. नुसत्या सेलचंच वजन पावणेसातशे ग्रॅम झालं, वर डबी आणि सर्किट. आता त्या ऑनलाइन वस्तूचं वजन काय लिहिलंय ते बघा. अडीचशे-तीनशे ग्रॅम असेल तर आत 50000 असूच शकत नाहीत. वाळू भरून वजन जुळवणारेही असतात, म्हणून नुसत्या वजनावरही विसंबू नका, किमतीकडेही बघा. नाव असलेली 10000 ची बँक आज साधारण हजार ते पंधराशेला मिळते. तिच्या पाचपट क्षमता निम्म्या पैशात कोण देईल?

आणि खरोखरच 50000 ची असली तरी ती 185 वॉट-तासांची झाली. विमानात 100 वॉट-तासांपर्यंतची बँक हातातल्या सामानात चालते, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, 160 च्या वरची नेताच येत नाही. चेक-इनच्या बॅगेत तर कुठलीच चालत नाही. वारीनंतर आई कधी विमानाने जाणार असेल तर हे लक्षात असू द्या. 10000 आणि 20000 दोन्ही या मर्यादेत बसतात.

सोलरचं भावाला समजावून सांगा, हेतू चांगलाच आहे त्याचा. पण बँकेच्या पाठीवर मावणारं पॅनेल एक-दीड वॉटचं असतं. 37 वॉट-तास भरायला लख्ख उन्हाचे तीस-चाळीस तास हवेत, आणि आपण बोलतोय आषाढातलं. ढग आहेत, पाऊस आहे. त्यातून ऊन पडलंच तर बँक उन्हात टांगून ठेवायची, म्हणजे सेल तापवायचे. लिथियमच्या सेलला उष्णतेइतकं वाईट काही नाही.

खरी बँक कशी ओळखायची? भारतात पॉवर बँक विकायला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. बँकेवर किंवा डब्यावर ते चिन्ह आणि खाली आर अक्षर व पुढे आठ आकडे असतात. फोनवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप घ्या आणि तो आर नंबर टाकून बघा. कारखानदाराचं नाव, ब्रँड, वस्तू कोणती आणि नोंदणी चालू आहे का, हे समोर येतं. दुसऱ्याचा नंबर छापणारेही आहेत, म्हणून नुसता नंबर निघाला यावर थांबू नका, ब्रँडचं नाव आणि वस्तू जुळते का ते पाहा. मी गिऱ्हाइकाला काउंटरवरच हे करून दाखवतो, दोन मिनिटं लागतात.

कुणी म्हणेल, मोठ्या कंपनीचा मालही खराब निघतो. निघतो. 2025 च्या जूनमध्ये अँकरसारख्या नावाजलेल्या कंपनीने अमेरिकेत विकलेल्या एका 10000 च्या मॉडेलच्या 11 लाखांहून जास्त बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. पण परत मागवता आल्या, कारण मॉडेल नंबर होता, अनुक्रमांक होता, जबाबदार कोण ते ठाऊक होतं. बिननावाच्या बँकेत दोष निघाला तर तुम्हाला कळवणार कोण? म्हणून पक्कं बिल घ्या आणि मॉडेल नंबरचा फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा.

अडॅप्टरकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि घोळ तिथेच होतो. बँकेवर 18 वॉट इनपुट लिहिलेलं असतं, पण ती फोनच्या जुन्या 5 वॉटच्या चार्जरला लावली तर 5 वॉटनेच भरणार. ओप्पो, वनप्लस, विवो यांचे मोठमोठ्या वॉटचे चार्जरसुद्धा बऱ्याचदा बँकेला 10 वॉटच देतात, कारण त्यांची जलद चार्जिंगची भाषा त्यांच्या त्यांच्या फोनशीच जुळते. म्हणून पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सगळ्या कंपन्यांना चालणारी जलद चार्जिंगची भाषा, लिहिलेला 20 वॉटचा टाइप-सी अडॅप्टर वेगळा घ्यायचा. बँकेच्या टाइप-सी तोंडावरही पॉवर डिलिव्हरी लिहिलेलं असावं. म्हणजे दोघं 9 व्होल्टवर बोलतात आणि खरोखर 18 वॉट मिळतात. माझ्याकडे छोटा यूएसबी मीटर आहे, मध्ये जोडला की व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. बोर्डावरच्या दहा बँकांना तो लावून पाहिला तर सात-आठ 5 व्होल्टवरच रांगत असतात. बँक चांगली असते, चार्जर चुकीचा असतो.

बँकेतून फोनला किती वॉट मिळतात याची मात्र फार चिंता नको. आईचा फोन 10 वॉटने दोन तासांत भरला काय आणि 22 वॉटने तासाभरात भरला काय, विसाव्याला पिशवीत ठेवून ती भजन ऐकत बसणार आहे. वायरलेसवाली घेऊ नका. त्यात ऊर्जा जास्त वाया जाते, फोन तापतो, आणि चालताना चिकटलेला फोन सरकतो.

केबल अंगचीच जोडलेली असेल तर आईसाठी बरी, वारीत केबल हरवते किंवा कुणीतरी मागून नेतं. पण शेजारी एक मोकळं टाइप-सी तोंडही हवंच, म्हणजे जोडलेली केबल तुटली तरी बँक वाया जात नाही. दिवे असलेल्यापेक्षा टक्के आकड्यांत दाखवणारी घ्या, चष्मा नसताना चार दिव्यांचा अर्थ लावत बसावं लागत नाही. पहाटे अंधारात बाहेर जायला बँकेचा टॉर्च कामाला येतो, असला तर घ्या. दिंडीतल्या बटणवाल्या फोनसाठी जुन्या मायक्रो पिनची एक वीतभर केबल पिशवीत टाका. शेजारणीचा फोन चार्ज करून देता आला तर आईलाही बरं वाटेल.

आता वापराचं. सगळ्यात महत्त्वाचं हे की मुक्कामी बोर्डावर बँक लावायची, फोन नाही. फोन स्वतःजवळ, झोपताना उशाशी पिशवीत. गर्दीत फोन गेला तर नंबर गेले, फोटो गेले, पैशांचं ॲप गेलं. बँक गेली तर हजार रुपये गेले. जनरेटरचा विजेचा दाब वरखाली झाला तरी त्याचा फटका बँकेला बसतो, फोन वाचतो. दिवसा चालताना, फोन 30 टक्क्यांच्या आसपास आला की बँकेला लावायचा आणि 90 ला काढायचा.

लाखो माणसं एका जागी आली की मोबाईलचं नेटवर्क भरून जातं, फोन सारखा रेंज शोधतो आणि त्यातच बॅटरी उतरते. चालताना इंटरनेट बंद ठेवायला शिकवा, आणि फोन करायची वेळ ठरवून घ्या, दुपारच्या विसाव्याला एक आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळेत फोन विमान मोडवर टाकला तर तिची बँक दोनाऐवजी तीन दिवसही जाईल. तुम्ही मात्र फोन लागला नाही म्हणून घाबरायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

पाऊस येणारच. या बँका पाण्यात चालणाऱ्या नसतात. झिपवाल्या जाड प्लास्टिक पिशवीत ठेवायची, तोंड खाली करून. पण चार्जिंग चालू असताना पिशवी बंद नको, उष्णता बाहेर जायला हवी. तोंडात पाणी गेलं असेल तर झटकून, कापडाने पुसून, सावलीत सुकू द्या आणि त्या दिवशी लावू नका. ओल्या पिनमध्ये वीज सोडली की पिन हिरवी-काळी पडते, माझ्याकडे वारीनंतरच्या महिन्यात असेच फोन येतात. बँक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडून भिजली असेल तर मात्र ती परत वापरायची नाही.

राहुटीत उशीखाली किंवा घोंगडीखाली चार्जिंग करायचं नाही, हे आईला दोनदा सांगा. बँक हाताला सोसवणार नाही इतकी तापली, गोडसर उग्र वास आला किंवा फुगली, तर केबल काढून ती राहुटीबाहेर उघड्यावर ठेवायची. धूर येत असेल तर हात लावायचा नाही, माणसं लांब करायची आणि लांबून भरपूर पाणी मारायचं. घरात तीन-चार वर्षं पडून असलेली जुनी बँक देऊन भागवायचा विचार असेल तर ती आधी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलंय, ती कुणीच वापरायची नाही. घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

खरेदी निघायच्या निदान 15 दिवस आधी करा, म्हणजे परत करायला वेळ राहतो. नवी बँक पूर्ण भरा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. चार तासांच्या वर गेली तर अडॅप्टर किंवा केबल तपासा. मग आईचा फोन 20 वरून 90 ला न्या, दुसऱ्या दिवशी परत न्या. दोनदा झालं तर बँक खरी. एकदाच होऊन बंद पडली तर दुकानदाराला परत द्या. हे सगळं आईच्याच हाताने करून घ्या. बटण कुठे दाबायचं, केबल कुठल्या बाजूने जाते, तोंड कुठलं, हे तिच्या बोटांना घरीच माहीत झालं पाहिजे.

शेवटचं काम मार्करचं. बँकेवर, अडॅप्टरवर आणि केबलच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी लावा. तिच्यावर आईचं नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि दिंडी रथापुढे की रथामागे ते लिहा, वरून पारदर्शक टेप मारा म्हणजे पावसात पुसणार नाही. फोन नंबर लिहाल तो तुमचा लिहा. गेल्या पालखीला आमच्या टेबलावर तीन बँका मागे राहिल्या. तिघींवर काळ्या रंगाशिवाय काही नव्हतं, त्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. आईला सांगा, सासवडच्या मुक्कामी बोर्डावर जागा नाही मिळाली तर बाजारात मोबाईलवाल्याचं टेबल विचारायचं. रात्रभर चालू असतं.